युक्ताहार आणि रसनाजय

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानयोगाचे विवेचन चालू असताना भगवान एकाएकी जेवणाखाणाची गोष्ट काढतात. आसन कोठे व कसे घालावे, दृष्टी कोठे स्थिर करावी, मन कोणाच्या ठायी लावावे हे सांगून झाले आहे. विषय परमशांतीपर्यंत जाऊन पोचला आहे. आणि तेथेच सोळाव्या श्लोकात अर्जुनास सांगितले जाते की, अतिशय खाणाऱ्याला हा योग साधत नाही, आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. पुढच्याच श्लोकात ज्याचा आहार, विहार, कर्म, निद्रा आणि जागरण ही सर्व युक्त आहेत त्याचा योग दुःखाचा नाश करणारा होतो, असे आश्वासन आहे. पुष्कळ वाचक हे दोन श्लोक घाईने ओलांडून पुढच्या निर्वात दीपाच्या दृष्टांताकडे जातात. तो दृष्टांत रम्य आहे खरा; परंतु कित्येक गृहस्थांचा सारा योग या दोन श्लोकांपाशीच अडून राहिलेला असतो, आणि तो तेथे अडला आहे हे कोणापाशी बोलण्याचीही त्यांना लाज वाटते.

‘अति’ म्हणजे किती? श्रीशंकराचार्यांनी या श्लोकाच्या भाष्यात एका श्रुतिवचनाचा आधार घेतला आहे. त्याचा आशय असा की, जे अन्न आपल्या स्वतःच्या मापाचे असते ते रक्षण करते, इजा करीत नाही. त्याहून अधिक असते ते इजा करते. आणि कमी असते ते रक्षण करू शकत नाही. तेथील शब्द आहे ‘आत्मसंमित’. हा शब्द फार मोलाचा आहे. शेजाऱ्याच्या ताटाचे माप, थोरल्या भावाच्या ताटाचे माप, किंवा स्वतःच्याच विसाव्या वर्षीच्या ताटाचे माप येथे चालत नाही. त्याच भाष्यात योगशास्त्रातील प्रमाणही दिले आहे : पोटाचा अर्धा भाग अन्नाने व व्यंजनांनी भरावा, तिसरा हिस्सा पाण्याचा, आणि चौथा वायूच्या संचारासाठी मोकळा ठेवावा. धर्मसूत्रांत तर घासांची संख्याच आढळते. संन्याशाला ८, वानप्रस्थाला १६, गृहस्थाला ३२. आणि ब्रह्मचाऱ्याला मात्र मोजमाप नाही! वाढत्या वयाच्या मुलामुलींच्या ताटावर डोळे वटारून बसणाऱ्या आईबापांनी ऋषींची ही सवलत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

सात्त्विक आहाराविषयी एक गैरसमज मोठ्या भाविक घरांतही दिसतो. सतराव्या अध्यायात सात्त्विक आहाराची लक्षणे सांगताना तो रसयुक्त व स्निग्ध असतो असे म्हटले आहे, म्हणून तूप, खवा, पेढे, बासुंदी यांना जणू मर्यादाच उरली नाही असे मानले जाते. नैवेद्य दाखविला की पदार्थ प्रसाद झाला, आणि प्रसाद कितीही घेतला तरी बाधत नाही, अशी समजूत! वास्तविक प्रसाद हा तळहातावर मावेल एवढाच घ्यावयाचा असतो. सतराव्या अध्यायाने आहाराचा प्रकार सांगितला, सहाव्याने त्याचे प्रमाण सांगितले. एकाला धरून दुसऱ्याला सोडणे हे गीतेचे अर्धेच श्रवण होय.

पण येथे ज्याची विशेष चिंता करावयाची तो केवळ खवय्या नव्हे. चार मित्रांत बसून आनंदाने दोन घास अधिक खाणाऱ्याची गोष्ट निराळी. ज्याचे खाणे त्याच्या इच्छेच्या हाताबाहेर गेले आहे अशा माणसाची स्थिती फार करुण असते. दिवसभर तो संयमाने राहतो. सकाळी निश्चय केलेला असतो, दुपारी तो पाळलेला असतो, सायंकाळी कोणी वाढू लागले तर हात आडवा धरून ‘नको’ म्हटलेले असते. मग घर निजते. तो उठतो, दिवा न लावता फडताळ उघडतो आणि उभ्याउभ्याच डब्यातील लाडू खाऊ लागतो. पहिल्याची चव लागते. तिसऱ्याची लागत नाही. पुढचे तर तो मोजीतही नाही. भूक केव्हाच शमलेली असते. पोट दुखू लागते तेव्हा तो थांबतो, डबा पूर्वीसारखा दिसावा म्हणून उरलेले लाडू नीट रचून ठेवतो, आणि अंथरुणावर पडून स्वतःला मनातल्या मनात शिव्या देतो. सकाळी पुन्हा निश्चय. हे कधी कर्त्या पुरुषाच्या बाबतीत घडते, तर कधी सर्वांना वाढून झाल्यावर स्वयंपाकघरात एकटीच राहिलेल्या गृहिणीच्या बाबतीत. तैत्तिरीय उपनिषदाने अन्नाची निंदा करू नये हे व्रत सांगितले. तिने त्याचा अर्थ असा घेतला की, पातेल्यात उरलेले सर्व तिच्याच पोटात गेले पाहिजे!

या दुर्दशेचे नाव गीतेतच आहे. मनुष्य इच्छा नसतानाही, जणू कोणी बळाने जुंपल्यासारखा, पाप का करतो, असा प्रश्न तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो. उत्तर देताना भगवान कामाला जे विशेषण लावतात ते ‘महाशन’ असे आहे. अशन म्हणजे खाणे; महाशन म्हणजे फार मोठा खादाड. या शब्दाकडे बारकाईने पाहावे. खादाड जीव आहे असे भगवान म्हणत नाहीत. खादाड काम आहे असे म्हणतात. रात्री फडताळापाशी उभा असलेला माणूस स्वतः महाशन नाही, तो महाशनाच्या ताब्यात सापडलेला आहे. वैरी कोण हे भगवंतांनी तेथेच स्पष्ट दाखवून दिले असल्यामुळे, त्या माणसाने स्वतःलाच वैरी समजून रात्रभर स्वतःचा धिक्कार करीत पडणे हा नेम चुकलेला बाण आहे.

मग उपाय कोणता? सर्वांना प्रथम सुचतो तो उपवास. आणि येथेच शास्त्र एक अत्यंत सूक्ष्म इशारा देते. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपल्या चोवीस गुरूंचे वर्णन करतो, त्यांत एक मासा आहे. गळाला लावलेल्या आमिषाने मासा मरतो, तसा रसनेने मोहित झालेला मनुष्य नाश पावतो, एवढे सांगून अवधूत पुढे जे म्हणतो ते लक्षात घेण्यासारखे आहे : विचारी लोक आहार सोडून इतर इंद्रिये लवकर जिंकतात, परंतु जीभ मात्र त्याने जिंकली जात नाही, उलट उपाशी माणसाची जीभ अधिकच बळावते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायाचेही हेच म्हणणे आहे. निराहार राहणाऱ्याचे विषय दूर होतात, त्यांची गोडी राहते. ती परमात्मदर्शनानेच जाते. म्हणजे कडक उपवासाने खाण्याचे वेड मोडते हा भरवसा शास्त्राने दिलेला नाही. आपल्याकडील ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण थट्टेची असली तरी तिच्यात हेच निरीक्षण आहे. दिवसभर कोंडलेली जीभ सायंकाळी साबुदाण्यावर, शेंगदाण्यांवर आणि रताळ्यांवर सूड उगविते. आजचे मनोवैद्यही सांगतात की, अति कठोर आहारबंदी हे अनावर खाण्याच्या झटक्यांचे एक नेहमीचे निमित्त असते.

ज्ञानेश्वर महाराजांनी याच ठिकाणी दोन माणसे शेजारी उभी केली आहेत. एक रसनेचा अंकित झालेला; दुसरा हट्टाला पेटून भूक व तहान कोंडून धरणारा. योगाचा अधिकार दोघांनाही नाही. अन्न घ्यावे, पण ते युक्तीच्या मापाने मोजून घ्यावे, असा त्यांचा निवाडा आहे. सडपातळ दिसण्याच्या हव्यासाने स्वतःला उपाशी मारणारी हल्लीची कित्येक तरुण मुले-मुली या दुसऱ्या वर्गात मोडतात. शरीरातील भूतसमुदायाला आणि त्यात राहणाऱ्या परमेश्वराला कृश करणाऱ्यांची बुद्धी आसुरी आहे, असे सतराव्या अध्यायात किती कडक शब्दांत म्हटले आहे!

निश्चय मोडल्यावर काय करावे, हा खरा प्रश्न. कारण तो मोडणार आहे. एक लाडू खाल्ला गेला की मनातील महाशन मोठ्या शहाणपणाने म्हणतो, ‘आता मोडलेच आहे, तर आजचा दिवस गेलाच, उद्यापासून पाहू.’ सारा घात या एका वाक्यात आहे. पहिल्या लाडवाने फारसे काही बिघडत नाही. या वाक्यानंतरच्या सात लाडवांनी बिघडते. भगवंतांनी दुसऱ्या अध्यायात कर्मयोगाचे वैशिष्ट्य सांगताना अभय दिले आहे की, या मार्गात आरंभाचा नाश नाही, उलट परिणाम नाही, आणि या धर्माचे थोडेसे आचरणही मोठ्या भयातून तारते. यज्ञातील एक अंग चुकले तर यज्ञ वाया जातो. येथे तसे नाही. सहा लाडू बाजूस ठेवून जो दुसऱ्याच लाडवाशी थांबला त्याने व्रत मोडले नाही, व्रत सांभाळले. चंचल मन जेथून जेथून निसटेल तेथून तेथून परत आणावे, अशी सहाव्या अध्यायाची आज्ञा आहे. ते किती वेळा निसटले याचा हिशेब ठेवावा अशी आज्ञा नाही.

प्राचीन घरांत भोजनाला बसण्याचा जो विधी होता त्यात या दुखण्यावरचे औषध सहजच मिसळलेले होते. पानाभोवती पाणी फिरवावे, चित्राहुती घालाव्या, आपोशन घ्यावे, मग पंचप्राणांना पाच लहान आहुती मौनाने द्याव्या, आणि त्यानंतर जेवणास आरंभ करावा. प्राण्यांच्या देहात वैश्वानर होऊन अन्न पचविणारा मीच, असे पंधराव्या अध्यायात भगवान सांगतात. तो अग्नी आत प्रत्यक्ष पेटलेला आहे अशा भावनेने पाच घास टाकणाऱ्याला सहावा घास बकाबक कोंबता येत नाही. विधी कोणाला साग्र येत नसला तरी हरकत नाही. दिवा लावावा, खाली बसावे, जे खावयाचे ते ताटात वाढून घ्यावे, क्षणभर नामस्मरण करावे, आणि मग खावे. रात्री दोन वाजता खावेसे वाटले तरीही याच रीतीने खावे. डब्यातून उभ्याने खाणारा हात आणि ताटातून बसून खाणारा हात यांच्यात मोठे अंतर आहे. चरकाचार्यांनीही घाईने खाऊ नये, बोलत-हसत खाऊ नये, मन जेवणात ठेवून जेवावे, असे बजाविले आहे. ज्याला आपण रसनेचा गुलाम म्हणतो तो पुष्कळदा रस चाखतच नसतो!

चरकांचे नाव निघाले म्हणून आणखी एक गोष्ट. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात त्यांनी अतिस्थूल माणसाचे वर्णन केले आहे. आयुष्याची हानी, हालचालीत जडपणा, दौर्बल्य, अतिस्वेद, अतितृषा असे आठ दोष गणले आहेत. पण कारणे सांगताना अतिभोजन, दिवानिद्रा, व्यायामाचा अभाव यांच्याबरोबरच ‘बीजस्वभाव’ हेही एक कारण दिले आहे. म्हणजे मातापित्यांकडून आलेला देहधर्म. शिवाय मेदाने मार्ग अडल्यामुळे वायू कोठ्यात फिरून अग्नी भडकवितो, म्हणून अशा माणसाला अन्न लवकर पचते आणि पुन्हा पुन्हा भूक लागते, अशी उपपत्ती त्यांनी मांडली आहे. ती आजच्या शरीरशास्त्राला मान्य नसेल. पण त्या वैद्याची दृष्टी पाहावी. स्थूल माणसाची भूक खोटी आहे असे तो म्हणत नाही. आज आपल्याला हेही ठाऊक आहे की, कंठातील थायरॉइड ग्रंथी मंदावल्याने किंवा काही औषधांनीही वजन वाढते. अनावर खाण्याच्या विकाराला तर अमेरिकेतील मनोवैद्यांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानग्रंथात स्वतंत्र रोगाचे स्थान दिले. तेव्हा ज्याला हे झटके वारंवार येतात त्याने वैद्याकडे जाण्यात कमीपणा मानू नये. ताप आला असता केवळ गीतापाठ करून औषध नाकारणे ही जशी श्रद्धा नव्हे, तसेच हे.

आता जवळच्या माणसांविषयी. पती, पत्नी, मुलगा किंवा सून यांपैकी कोणी असे झाले की घरातील प्रत्येकाला उपदेशाची उबळ येते. पंगतीत सर्वांसमक्ष ‘अजून एक घेणार का?’ असा प्रश्न, एखादे टोपणनाव, लग्नकार्यात काकू-मामींनी वरपासून खालपर्यंत टाकलेली नजर. आणि गंमत अशी की, टोमणा मारणारे घर आणि आग्रह करणारे घर बहुधा एकच असते. रात्री ‘माझ्यासाठी एक’ म्हणून जो हात ताटात जिलेबी टाकतो, त्याच हाताचा धनी सकाळी अंगरख्याची बटणे लागत नाहीत म्हणून हसतो. सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे : जे बोलणे दुसऱ्याला उद्वेग देत नाही, आणि सत्य, प्रिय व हितकर असते ते. केवळ सत्य आहे एवढ्याने ते तप होत नाही. लाजविलेला माणूस खाणे सोडीत नाही, तो लपून खाऊ लागतो.

श्रेष्ठ जसे वागतो तसे इतर वागतात, या गीतावचनाचा एक घरगुती दाखला महात्मा गांधींच्या आत्मचरित्रात आहे. दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबांना रक्तस्रावाचा विकार जडला असता गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळी सोडण्याचा आग्रह केला. (ते पथ्य आजच्या वैद्यकाला पटणारे नाही, पण प्रश्न पथ्याचा नाही, रीतीचा आहे.) कस्तुरबा म्हणाल्या की, तुम्हाला कोणी सांगितले तर तुम्हीही हे सोडणार नाही. त्याच क्षणी गांधीजींनी स्वतः दोन्ही वस्तू एक वर्षासाठी सोडल्या. बाईंनी सोडावे वा न सोडावे, त्यांची इच्छा. कस्तुरबांना रडू कोसळले, प्रतिज्ञा मागे घ्या म्हणून त्यांनी विनविले, पण ती मागे घेतली गेली नाही. गांधीजींनी हा प्रसंग आपल्या गोड आठवणींत गणला आहे. स्वतः आधी करावे हा त्यातील भाग अनुकरणीय खराच. परंतु प्रतिज्ञा एकाची आणि अश्रू दुसऱ्याचे, हेही त्यात आहे, आणि सामान्य गृहस्थाने त्या भागाचे अनुकरण न करणेच बरे. पत्नीला गोड वर्ज्य असेल तर पतीने घरात मिठाईचा पुडा आणू नये, सायंकाळी तिच्याबरोबर देवळापर्यंत पायी जावे, आणि याचा उच्चारही करू नये.

या बाबतीत सर्वांत सुंदर कथा बौद्धांच्या संयुत्तनिकायात आहे. कोसल देशाचा राजा प्रसेनजित, पालीत पसेनदी, द्रोणभर तांदळांचा भात खात असे. एकदा तो असाच जेवून, धापा टाकीत, श्रावस्तीस भगवान बुद्धांच्या दर्शनास आला आणि नमस्कार करून बाजूला बसला. राजाची ती अवस्था बुद्धांनी ओळखली. त्यांनी त्याला स्थूल म्हटले नाही, किती खाल्लेस असे विचारले नाही. त्यांनी एकच गाथा म्हटली. तिचा भाव असा की, जो सदा सावध राहून मिळालेल्या अन्नात मात्रा जाणतो त्याच्या वेदना क्षीण होतात, अन्न हळूहळू जिरते, आणि आयुष्याचे रक्षण होते.

राजाच्या मागे सुदर्शन नावाचा ब्राह्मण तरुण उभा होता. राजाने त्याला सांगितले, ‘बाळ, भगवंतांकडून ही गाथा शिकून घे आणि मी जेवीत असताना म्हणत जा. रोज तुला १०० कार्षापण मिळतील.’ येथे थोडे थांबून पाहावे. सुदर्शन आपण होऊन उपदेशास पुढे आला नाही. राजाने मागितले, म्हणून त्याने दिले. राजाने स्वयंपाक्याला कमी शिजविण्याची आज्ञाही केली नाही. आज्ञा मोडणे राजाला कितीसे कठीण होते? त्याने आठवण करून देणारा माणूस नेमला, आणि त्या कामाला वेतन देऊन मान दिला. अट्ठकथाकारांनी यात एक मोठी व्यावहारिक गोष्ट जोडली आहे. बुद्धांनी त्या तरुणास बजाविले की, गाथा जेवणाच्या आरंभी म्हणू नकोस, मध्येही म्हणू नकोस. राजा शेवटचा घास उचलील तेव्हा म्हण. तो घास राजा सोडून देईल. त्या घासात जितकी शिते असतील तितके तांदूळ पुढच्या वेळी कमी शिजवावे.

एक घास! द्रोणभर खाणाऱ्या सम्राटाकडून त्या महाकारुणिकाने एका वेळी एकच घास मागितला, आणि तोही शेवटचा. भुकेल्याच्या तोंडचा पहिला घास कोणी हिरावून घेतला नाही. सुदर्शन रोज मागे उभा राहिला, रोज तीच गाथा त्याच शब्दांत म्हणाला, त्यात स्वतःचे एक अक्षर घातले नाही. अनुक्रमाने राजाचा आहार उतरत उतरत एका नाळीएवढ्या भातावर येऊन स्थिरावला. पुढे शरीर हलके झाल्यावर तो राजा एके दिवशी आपल्याच अंगावरून हात फिरवू लागला आणि त्याच्या मुखातून उद्गार निघाले की, भगवंतांनी आपल्यावर दोन्ही प्रकारांनी अनुकंपा केली. या लोकीचेही हित साधून दिले आणि परलोकीचेही.